चरबीतील मूलपेशींचे दीर्घकालीन संवर्धन: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लायपोसक्शनच्या, म्हणजे चरबी शोषून काढण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर बरणीत जो पिवळसर-लालसर लगदा जमा होतो, तो शस्त्रक्रियागृहाच्या दृष्टीने कचरा असतो. पेशीसंवर्धन करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो मूलपेशींचा मोठा साठा असतो. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये उंदराच्या चरबीवर कोलॅजिनेज या, ऊतीतील तंतू तोडणाऱ्या, विकराचा प्रयोग करून तिच्यातील पेशी सुट्या केल्या, आणि २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या चरबीतून मिळणाऱ्या पेशींपासून मेद, अस्थी, कूर्चा आणि स्नायू या दिशांनी वाढ घडवून आणता येते, असे दाखवले. अस्थिमज्जेतील केंद्रकयुक्त पेशींमध्ये अशा मूलपेशींचे प्रमाण सुमारे ०.००१ ते ०.०१ टक्के असते. चरबीतून मिळणाऱ्या मिश्रणात ते काही टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय चरबी मिळवणे अस्थिमज्जा मिळवण्यापेक्षा सोपे असल्यामुळे नवीन विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा याच पेशी येण्याची शक्यता अधिक असते.

चरबीतून पेशी वेगळ्या करणे हे एका दुपारचे काम आहे. त्या महिनोन्‌महिने वाढवत ठेवणे आणि तरीही आज फ्लास्कमध्ये जे आहे ते पहिल्या दिवशी होते तेच आहे याची खात्री देता येणे, हे काम निराळे आहे. ते हातापेक्षा नोंदवहीवर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे, आणि म्हणून या लेखात पेशी मिळवण्याइतकीच जागा त्यांच्या हिशेबालाही दिली आहे.

चरबी हातात येण्यापूर्वी

भारतात या कामाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. संस्थेची नैतिकता समिती आणि मूलपेशी संशोधन समिती यांची परवानगी, तसेच दात्याची लेखी संमती, या गोष्टी नमुना येण्यापूर्वी हातात असाव्यात. नमुना बर्फावर ठेवून सह्यांसाठी धावपळ करणे हा चुकीचा क्रम आहे. बरणीवर दात्याचे नाव कधीही नसावे, केवळ सांकेतिक क्रमांक असावा. एचआयव्ही आणि कावीळ बी व सी यांच्या तपासण्या नकारार्थी आल्या असल्या, तरी प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे धरूनच बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये काम करावे, आणि कावीळ बी ची लस आधी घेतलेली असावी. आणखी एक नियम नवख्यांना विचित्र वाटतो, पण तो पाळावा: स्वतःच्या ऊतीपासून पेशी वाढवू नयेत. परक्या पेशी अपघाताने शरीरात गेल्या तर प्रतिकारशक्ती त्यांना नाकारते, स्वतःच्या बदललेल्या पेशींबाबत तशी शाश्वती नसते.

या पद्धतीने वाढवलेल्या पेशी प्रयोगापुरत्या असतात. रक्ताच्या ठराविक विकारांसाठी केल्या जाणाऱ्या रक्तमूलपेशींच्या प्रत्यारोपणाखेरीज मूलपेशींचा उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करण्यास ही तत्त्वे परवानगी देत नाहीत, हे एखाद्या परिचिताने गुडघेदुखीवर विचारणा केली तर स्पष्ट सांगावे.

पहिला दिवस: चरबीपासून पेशींपर्यंत

नमुना शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत हाताळावा. लायपोसक्शनच्या चरबीत रक्त, तेल आणि शस्त्रक्रियेपूर्वी टोचलेले भूल देणारे व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषधी द्रावण असते, आणि हे सारे धुवून काढणे ही पहिली पायरी आहे. चरबीइतकेच निर्जंतुक फॉस्फेट बफर घालून बाटली हलवावी आणि काही मिनिटे उभी ठेवावी; चरबी वर तरंगते आणि तांबूस पाणी खाली बसते. ते खालचे पाणी पिपेटने काढून टाकावे. तीन-चार वेळा असे केल्यावर पाणी जवळजवळ स्वच्छ दिसू लागते आणि चरबीला लोण्यासारखा फिकट पिवळा रंग येतो. शस्त्रक्रियेत चरबीचा अखंड तुकडा मिळाला असेल, तर त्यातील दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि पांढरे तंतू काढून तो कात्रीने अगदी बारीक करावा.

त्यानंतर धुतलेल्या चरबीइतकेच ०.१ टक्का टाइप-१ कोलॅजिनेजचे कोमट द्रावण घालून मिश्रण ३७ अंश सेल्सियसला ३० ते ६० मिनिटे हलवत ठेवावे. कोलॅजिनेजला कॅल्शियम लागते, म्हणून कॅल्शियम पकडून ठेवणारे ईडीटीए असलेले द्रावण येथे वापरू नये. वेळेपेक्षा मिश्रणाच्या रूपाकडे लक्ष द्यावे: आरंभी ते फाटलेल्या दुधासारखे गुठळ्यागुठळ्यांचे असते आणि पचन झाले की घोटलेल्या वरणासारखे एकजीव दिसते. ती अवस्था आली की घड्याळात ३५ मिनिटेच झालेली असली तरी थांबावे. विकराच्या प्रत्येक लॉटची ताकद वेगळी असते. नवा डबा उघडला की थोड्या चरबीवर आधी चाचणी करावी, कारण अतिपचनाने मेलेल्या पेशी तिसऱ्या दिवशी फ्लास्कमध्ये कळतात आणि तोवर नमुना संपलेला असतो.

पचन थांबवण्यासाठी सीरमयुक्त मीडियम (रक्तातील द्रवभाग म्हणजे सीरम घातलेले पेशींचे पोषक द्रावण) तितकेच घालावे आणि ३०० ते ४०० जी (गुरुत्वबलाच्या तितक्या पट) वेगाने दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे. नळीत वर तेलाचा थर, त्याखाली न पचलेली चरबी, मध्ये द्रव आणि तळाशी लालसर गोळी दिसते. नळी एकदा जोराने हलवून पुन्हा फिरवल्यास चरबीत अडकलेल्या आणखी पेशी खाली येतात. वरचे थर काढताना नवखा माणूस सर्व काही एका झटक्यात ओततो. तसे केल्यास तेल नळीच्या भिंतीवरून ओघळून गोळीवर येते. तेल वरून हळूहळू ओढून घ्यावे आणि उरलेले काम नवीन पिपेटने करावे.

गोळीतील तांबड्या पेशी काढण्यासाठी अमोनियम क्लोराइडचे द्रावण पाच ते दहा मिनिटे पुरते. मग १०० मायक्रॉनच्या आणि नंतर ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून पेशी मोजाव्यात. या मिश्रणात मूलपेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि इतर बरेच काही असते. त्याला मूलपेशी म्हणू नये. ते स्ट्रोमल व्हॅस्क्युलर मिश्रण आहे, आणि वहीत तसेच लिहावे.

हे मिश्रण टी-७५ फ्लास्कमध्ये (तळ ७५ चौरस सेंटिमीटर) ३० ते ४० लाख पेशी या प्रमाणात घालून, १० टक्के सीरम असलेल्या डीएमईएम किंवा डीएमईएम-एफ१२ मीडियममध्ये, ३७ अंशांवर आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवावे. एक-दोन दिवसांनी न चिकटलेल्या पेशी बफरने धुवून टाकाव्यात. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली गोल, चकाकणारे ठिपके आणि कचरा एवढेच दिसते, आणि प्रयोग फसला असे वाटू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाला चिकटलेल्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, चरख्याच्या चातीसारख्या पेशी दिसू लागतात आणि आठवड्याभरात त्यांच्या वसाहती एकमेकींना भिडू लागतात.

पॅसेज: किती, केव्हा आणि कसा

मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. त्यातील फिनॉल रेड हा रंगद्रव्यरूपी पहारेकरी आहे: गुलाबी-लाल असेपर्यंत ठीक, नारिंगी झाला तर मीडियम आम्लधर्मी होत आहे, आणि जांभळट झाला तर कार्बन डायऑक्साइड पेशींपर्यंत पोचत नाही. अशा वेळी फ्लास्कचे झाकण घट्ट बसले आहे का, आणि सिलिंडर संपला आहे का, हे आधी पाहावे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी सिलिंडरचा काटा पाहण्याची जबाबदारी एका नावावर लिहून ठेवावी. सर्वांवर सोपवलेले काम कोणीच करत नाही.

तळाचा ७० ते ८० टक्के भाग भरला की पॅसेज करावा, म्हणजे पेशी तळापासून सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेराव्यात. पूर्ण भरू देऊ नये, कारण दाटीत या पेशी वाढ थांबवतात आणि काहींच्या पोटात तेलाचे थेंब आपोआप दिसू लागतात. पेशी दोन वेळा बफरने धुवाव्यात, कारण उरलेले सीरम ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला, निकामी करते आणि मग विद्यार्थी ट्रिप्सिनची वेळ वाढवून पेशींना इजा करतो. टी-७५ साठी दोन-तीन मिलिलिटर ०.०५ टक्का ट्रिप्सिन-ईडीटीए पुरते. तीन ते पाच मिनिटांत पेशी गोल होतात. फ्लास्कच्या कडेला तळहाताने एक हलकी टपली मारली की त्या वाळूसारख्या सरकताना दिसतात. त्याच क्षणी सीरमयुक्त मीडियम घालून क्रिया थांबवावी, ३०० जी वेगाने पाच मिनिटे फिरवावे, आणि पेशी न मोजता पुढे जाऊ नये.

मोजणीचे उदाहरण असे. पेशींचे द्रावण तीन मिलिलिटर आहे. त्याचा एक भाग आणि ट्रिपॅन ब्लूचा एक भाग मिसळून न्यूबाउअर कक्षात (पेशी मोजण्यासाठी चौकोन आखलेल्या काचेत) भरले, आणि चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून १२० जिवंत पेशी मोजल्या. सरासरी ३०, तिला दोनने आणि दहा हजारांनी गुणले की एका मिलिलिटरमध्ये सहा लाख, म्हणजे एकूण १८ लाख. निळ्या पडलेल्या पेशी मेलेल्या असतात, त्या वेगळ्या मोजाव्यात. एकूणात त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या वर गेला तर ट्रिप्सिनच्या वेळेकडे पुन्हा पाहावे. पुढच्या फ्लास्कमध्ये दर चौरस सेंटिमीटरला तीन ते पाच हजार पेशी पेराव्यात, म्हणजे टी-७५ साठी साधारण तीन लाख.

पॅसेजचा आकडा फसवतो

दोन विद्यार्थी एकाच दात्याच्या पेशी वाढवत आहेत असे समजा. पहिला दर वेळी तीन लाख पेरतो आणि १८ लाख काढतो, म्हणजे सहापट वाढ. दुसरा न मोजता एका फ्लास्कचे तीन करतो, म्हणजे तिप्पट वाढ. दहा पॅसेजनंतर दोघेही वहीत ‘पी१०’ असे लिहितात आणि आपल्या पेशी एकाच वयाच्या आहेत असे मानतात. दुपटींची संख्या काढण्यासाठी काढलेल्या पेशींना पेरलेल्या पेशींनी भागून, आलेल्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यावा आणि त्याला ३.३२ ने गुणावे. पहिल्याच्या पेशी प्रत्येक पॅसेजला २.५८ वेळा दुप्पट झाल्या, दुसऱ्याच्या १.५८ वेळा. दहा पॅसेजअखेर पहिल्याच्या पेशी सुमारे २५.८ दुपटींच्या झाल्या आहेत आणि दुसऱ्याच्या सुमारे १५.८. पेशीच्या दृष्टीने ही दोन वेगळी वये आहेत.

लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्येच दाखवले होते की माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत अमर्याद विभागत नाहीत. चरबीतील मूलपेशीही या नियमाला अपवाद नाहीत, आणि त्यांच्या दुपटी दात्याचे वय, मीडियम आणि हाताळणी यांनुसार कमीअधिक होतात. त्यामुळे वहीत प्रत्येक पॅसेजसाठी तारीख, पेरलेल्या पेशी, काढलेल्या पेशी, या पॅसेजच्या दुपटी, आरंभापासूनच्या एकूण दुपटी आणि एका दुपटीला लागलेले तास असे सहा रकाने आखावेत. पाच दिवसांत २.५८ दुपटी झाल्या असतील, तर एका दुपटीला सुमारे ४६ तास लागले. पहिल्या पेरणीच्या वेळी चिकटणाऱ्या पेशी नेमक्या किती होत्या हे कळत नसल्याने एकूण दुपटींची मोजणी पहिल्या पॅसेजपासून सुरू करावी आणि तसे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मीडियमचा आणि सीरमचा लॉट क्रमांकही त्याच ओळीत असावा; सीरम बदलले आणि वेग बदलला, तर कारण शोधायला तीच ओळ उपयोगी पडते.

सीरमबद्दल आणखी थोडे. गर्भस्थ वासराचे सीरम लॉटगणिक बदलते, म्हणून दोन-तीन लॉटचे नमुने मागवून त्याच पेशींवर तीन पॅसेज तपासावेत आणि जो लॉट पसंत पडेल तो वर्षभर पुरेल इतका राखून ठेवण्यास सांगावे. मानवी प्लेटलेट लायसेटमध्ये (रक्तबिंबिका फोडून मिळणाऱ्या अर्कात) या पेशी बहुधा अधिक वेगाने वाढतात, परंतु मीडियमची जेली होऊ नये म्हणून त्यात हेपरिन हे गोठणे रोखणारे औषध घालावे लागते. एका प्रयोगमालेच्या मध्येच एकावरून दुसऱ्यावर जाऊ नये.

लवकर गोठवा

दीर्घकालीन संवर्धन म्हणजे एकच फ्लास्क अखंड चालवत राहणे, असा समज घेऊन बरेचजण येतात. प्रत्यक्षात पहिल्या किंवा दुसऱ्या पॅसेजलाच बहुतेक पेशी गोठवून ठेवाव्यात आणि थोड्याच पुढे चालवाव्यात. एका कुपीत दहा लाख पेशी, ९० टक्के सीरम आणि १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना बर्फाच्या स्फटिकांपासून वाचवणारे द्रव्य) अशा मिश्रणात घालाव्यात. डीएमएसओ घातल्यावर साध्या तापमानात रेंगाळू नये. आयसोप्रोपॅनॉल भरलेल्या डब्यात कुप्या ठेवून तो डबा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला की तापमान मिनिटाला सुमारे एक अंश या गतीने उतरते. दुसऱ्या दिवशी कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत हलवाव्यात. उणे ८० मध्ये त्या महिनोन्‌महिने विसरून जाणे हा सर्वांत सामान्य अपराध आहे.

कुपी बाहेर काढताना चेहऱ्यावर ढाल आणि हातात जाड मोजे हवेतच, कारण द्रव नायट्रोजन आत शिरलेली कुपी गरम होताना फुटू शकते. गोठवणे सावकाश, वितळवणे झटपट: ३७ अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटे, बर्फाचा लहानसा खडा उरेपर्यंत, आणि मग कोमट मीडियम थेंबाथेंबाने. पहिली कुपी गोठवल्यावर आठवड्याभरात वितळवून पाहावी.

बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि परक्या पेशी

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बुरशी हा वार्षिक पाहुणा असतो. इन्क्युबेटरमधील पाण्याच्या ट्रेमध्ये निर्जंतुक पाणीच घालावे, ते दर आठवड्याला बदलावे, आणि खोलीत पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत. बुरशी निदान दिसते तरी. जिवाणूंनी मीडियम एका रात्रीत गढूळ होते. अशा फ्लास्कला वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र दिसत नाही, मीडियम गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनला दाद देत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटू शकतो. माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही शेजारच्या प्रयोगशाळेतून एक फ्लास्क उसना आणला आणि आमच्याच इन्क्युबेटरमध्ये ठेवला. दीड महिन्यात माझ्या पेशींचा दुपटीचा काळ ४८ तासांवरून ९० तासांवर गेला. पेशी केवळ चौथ्या पॅसेजवर होत्या, त्यांच्या एकूण दुपटी आठच्याही आत होत्या, म्हणजे हे म्हातारपण असणे शक्य नव्हते. आकडे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते, तरी मी दात्याला दोष देत राहिलो. शेवटी डीएनएला चिकटणारा होएक्स्ट रंग लावून पाहिले, तेव्हा केंद्रकाबाहेर सर्वत्र निळी भुकटी शिंपडल्यासारखे ठिपके दिसले. तेव्हापासून बाहेरून आलेल्या पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहतात, आणि सर्व पेशींची पीसीआर तपासणी दर महिन्याला होते.

परक्या पेशींचा शिरकाव याहून गंभीर आहे. चरबीतील मूलपेशी दीर्घ संवर्धनात आपोआप कर्कपेशींसारख्या होतात, असे सांगणारा शोधनिबंध २००५ मध्ये एका नामांकित कर्करोग संशोधन नियतकालिकात आला आणि पुष्कळ चर्चेत राहिला. २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण त्या वेगाने वाढणाऱ्या पेशी मूळ दात्याच्या नसून मिसळलेल्या दुसऱ्या पेशींच्या असाव्यात, असा संशय लेखकांनीच व्यक्त केला. म्हणून एका वेळी कॅबिनेटमध्ये एकाच प्रकारच्या पेशी असाव्यात, मीडियमची बाटली प्रत्येक पेशीप्रकारासाठी वेगळी असावी, आणि दात्याचा एसटीआर आलेख (डीएनएवरून पटणारी ओळख) आरंभीच करून ठेवावा. मंदावलेल्या पेशी अचानक उत्साहाने वाढू लागल्या, तर आनंद मानण्यापूर्वी त्यांचा आलेख मूळ आलेखाशी ताडून पाहावा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचे राष्ट्रीय भांडार आहे. प्रस्थापित पेशीवंश हवे असतील तर हातोहात घेण्याऐवजी अशा ठिकाणाहून मागवावेत.

ओळख पुन्हा पुन्हा पटवावी

आंतरराष्ट्रीय पेशीउपचार संघटनेने २००६ मध्ये घातलेल्या अटींनुसार या पेशी प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत. त्यांपैकी किमान ९५ टक्के पेशींवर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ ही पृष्ठभागावरील प्रथिनांची चिन्हे असली पाहिजेत. सीडी४५, सीडी३४, एचएलए-डीआर आणि इतर ठराविक चिन्हे दोन टक्क्यांहून अधिक पेशींवर नसावीत. आणि त्यांचे मेद, अस्थी व कूर्चा यांत रूपांतर व्हायला हवे. सीडी३४ बाबत नवखे नेहमी गोंधळतात. चरबीतील पेशींवर सुरुवातीच्या पॅसेजमध्ये ते असतेच आणि पुढे ओसरत जाते. याच संघटनेच्या २०१३ च्या संयुक्त निवेदनाने ही गोष्ट मान्य केली आहे. तेव्हा पहिल्या पॅसेजला सीडी३४ दिसले म्हणून पेशी फेकू नयेत. रूपांतराच्या चाचण्यांत तेलाचे थेंब ऑइल रेड ओ ने लाल, कॅल्शियम अलिझारिन रेडने तांबूस-नारिंगी आणि कूर्चा अल्शियन ब्लूने निळी दिसते. साधारण तीन आठवडे लागतात. या चाचण्या आरंभी, मध्ये आणि शेवटी, म्हणजे किमान तीनदा कराव्यात.

वार्धक्याची चाहूल आधी वहीत लागते: दुपटीचा काळ सलग दोन पॅसेज वाढतो. मग ती सूक्ष्मदर्शकात दिसते. चातीसारख्या पेशी पसरट, रुंद, तळलेल्या अंड्यासारख्या होतात आणि त्यांच्या अंगात तंतूंच्या रेषा उमटतात. पीएच ६.० ला केलेल्या बीटा-गॅलॅक्टोसिडेज चाचणीत त्या निळ्या पडतात. पेशी फार दाट वाढू दिल्या तर हीच चाचणी तरुण पेशींतही निळा रंग दाखवते, म्हणून शेजारी लवकरच्या पॅसेजचा फ्लास्क ठेवूनच ती करावी.

दुपटीला आठवडा लागू लागला, किंवा दोन आठवड्यांत फ्लास्क भरला नाही, की थांबावे. फ्लास्कमधील द्रवात सोडियम हायपोक्लोराइट घालून अर्धा तास ठेवावे, प्लास्टिक ऑटोक्लेव्ह करून टाकावे, उरलेली चरबी असेल तर ती पिवळ्या पिशवीत. वहीत शेवटची तारीख, एकूण दुपटींचा आकडा आणि थांबण्याचे कारण लिहून खाली सही करावी, आणि टाकीतून त्याच दात्याची पहिल्या पॅसेजची कुपी काढण्यासाठी पाण्याचे भांडे ३७ अंशांवर लावावे.